भावनिक बुद्धिमत्तेवर 40 मिनिटं बोलायचंय, आणि मी परवाच एका पोरावर नको ते बोलून बसले

खानापूरची टीचर

नमस्कार. कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला एका सरकारी मराठी उच्च प्राथमिक शाळेत मी शिकवते. 19 वर्षं झाली नोकरीला. गावाचं नाव लिहीत नाही, आमच्या भागात टीचर मोजक्या, लगेच ओळखतील. पहिली ते सातवी, पट 34. कायम शिक्षक आम्ही दोघं, एक अतिथी शिक्षिका. चौथी-पाचवी मी एकत्र घेते आणि इन्चार्ज एचएम, म्हणजे प्रभारी मुख्याध्यापिका, पण मीच.

मागच्या आठवड्यात बेळगावात दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. विषय भावनिक बुद्धिमत्ता आणि शिक्षकांचं मानसिक स्वास्थ्य. साठेक शिक्षक होते, कन्नड, मराठी, उर्दू तिन्ही माध्यमांचे. बोलणं सगळं कन्नडमध्ये. त्याची तक्रार नाही, कागदपत्रं आम्ही रोज कन्नडमध्येच करतो. शिकवणारे साहेब बोलायला चांगले होते. पडद्यावर पाच गोल दाखवले: स्वतःची जाणीव, स्वतःवर ताबा, प्रेरणा, दुसऱ्याच्या मनाची कदर, माणसं जोडणं. मग सगळ्यांना डोळे मिटायला लावून श्वास मोजायला सांगितलं. खरं सांगते, बरं वाटायला लागलं होतं. तिसऱ्या श्वासाला हॉलमधले सगळे फोन एकदम थरथरले. ग्रुपवर मेसेज, अमुक माहिती एका तासात भरा, तातडीनं. साठ माणसांनी एकेक डोळा उघडला. साहेबांनी पण उघडला, त्यांनाही तोच मेसेज आला असणार.

दुसऱ्या दिवशीचा विषय 'भावनेगळ निर्वहणे'. कन्नडमध्ये निर्वहणे म्हणजे नीट सांभाळणं. शेजारी बसलेले आमच्याच क्लस्टरचे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातले, एक सर कुजबुजले, "टीचर, आमचा निर्वाहच होईना झालाय, निर्वहणे कुठनं करू?" मला हसू आवरेना, आणि नेमकी मीच दिसले. त्यामुळंच असेल, शेवटी नावं वाचली तेव्हा पुढच्या समालोचना सभेत, म्हणजे क्लस्टरच्या शिक्षकांच्या बैठकीत, हाच विषय मांडायला माझं नाव. 40 मिनिटं. दोन्ही दिवस हजर राहिल्याचं प्रमाणपत्र मिळालं, ते पिशवीतच आहे अजून.

आता मंगळवारचं सांगते, त्याशिवाय माझा प्रश्न कळणार नाही.

त्या दिवशी सकाळची बस भरून आली. बायकांना सरकारी बस फुकट, म्हणजे शून्य तिकीट, झाल्यापासून उभं राहायला मिळालं तरी नशीब, पण बस येते हे काय कमी आहे. शाळेत पोचले तर भातकापणीमुळं निम्मी पोरं नाहीत, अतिथी टीचरचं मूल आजारी, आणि तालुक्यावरून कुणीतरी भेटीला येणार असा निरोप. त्या दिवशी पोरांना जेवणात अंडी द्यायची होती. दुकानातनं अंडी आणायला मावशींना वेळ नव्हता, त्या तांदूळ निवडत होत्या. मी पाचवीतल्या एका पोराला पाठवलं. पोरांना असल्या कामाला लावू नये हे मलाही माहीत आहे, त्यावर कुणी उत्तर लिहू नका.

तो ट्रे छातीशी धरून आला. पायरीवर चप्पल अडकली. 30 अंड्यांतली 19 फुटली. मी मोजली, हे आता लिहिताना लाज वाटते, पण मी पहिल्यांदा अंडी मोजली. मंजूर दर आणि दुकानाचा दर यात आधीच फरक, तो फरक मी पदरचा घालते, रोज ॲपवर किती अंडी, किती केळी ते भरायचं असतं, आणि भेटीला येणारा माणूस रजिस्टर बघणार. माझ्या तोंडून निघालं, "तुझ्या बापानं आणून दिलीत काय रे?"

पोरगं उभं राहिलं. हाताला बलक लागलेला, तो चड्डीला पुसावा की नको असं त्याला झालेलं. आणि अगदी सरळ, प्रश्नाला उत्तर दिल्यासारखं म्हणालं, "बाबा गोव्याला हाईत, टीचर."

त्याचा बाप गवंडीकामाला गोव्यात असतो. गणपतीला आला नव्हता, दिवाळीला पण नाही. हे मला ठाऊक होतं. मीच नाही तर कुणाला असणार?

मग तो खाली बसून टरफलं वेचायला लागला आणि मी ऑफिसात जाऊन रजिस्टर उघडलं. श्वासबिस काही आठवला नाही.

तर विचारायचं असं: अशी बाई दुसऱ्यांना भावनिक बुद्धिमत्ता काय सांगणार? पाच गोल तसेच्या तसे दाखवून मोकळं व्हावं का? हे प्रशिक्षण ज्यांनी केलंय त्यांना पुढं खरोखर काही उपयोग झाला का? आणि त्या पोराला मी अजून काहीच म्हटलेलं नाही. तो वर्गात नेहमीसारखाच बसतो. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

निपाणीचा मास्तर

टीचर, तुमच्या प्रश्नातच उत्तर हाय की ओ. तुमची बुद्धिमत्ता ठीक हाय, कामाची वाटणी बिघडलीया.

शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 27 काढून बघा. दहा वर्षांची जनगणना, आपत्तीचं काम आणि निवडणूक, एवढं सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक कामाला लावायचं नाही. छापलेलं हाय. आणि आमची दसऱ्याची सुट्टी कशात गेली? 2025 च्या 22 सप्टेंबरपासून राज्य सरकारचं सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण. घराघरात 60 प्रश्न, विजेच्या मीटरवरचं स्टिकर हुडकत फिरायचं. आमच्याकडं निदान सपाटी हाय, तुमच्या रानातल्या वाड्यांवर रेंज कुठली? सुट्टी 18 ऑक्टोबरपर्यंत वाढवली ती पोरांना. आता 2027 ची जनगणना दारात उभी हाय, ती कायद्यात बसते म्हणा.

एवढं सगळं अंगावर घालून वर सांगायचं, मास्तर, श्वास घ्या. बैलाला दोन गाड्या जुपायच्या आणि त्याला कपालभाती शिकवायची.

सभेत हे बोला. पाच गोल राहू देत.

शहापूरची जुनी बाई

निपाणीकरांचं एकही वाक्य खोटं नाही. पण टीचर, सभेत तेवढंच बोललात तर सगळे टाळ्या वाजवतील आणि परत जाऊन तशीच अंडी मोजतील. मी 36 वर्षं शिकवलं, त्यातली शेवटची अकरा मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्तीनंतर समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला, वेळ जात नव्हता म्हणून. त्यामुळं दोन्हीकडचं थोडं थोडं माहीत आहे. जरा लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

तुम्हाला दाखवलेले पाच गोल डॅनियल गोलमन यांच्या मांडणीतले. 1995 साली त्यांनी हा विषय घरोघरी पोचवला. पण कल्पना त्याआधीची, पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोघा मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये मांडलेली. पुढं 1997 ला त्यांनी तिच्या चार पायऱ्या केल्या. भावना ओळखणं, ती विचाराच्या कामी लावणं, ती कुठून आली आणि कुठं जाईल हे समजणं, आणि मग सांभाळणं. सांभाळणं चौथं आहे, लक्षात घ्या. आपल्याकडची प्रशिक्षणं थेट चौथ्या पायरीवर उडी मारतात आणि तिचाही अर्थ 'राग गिळा' एवढाच लावतात. शिक्षकानं शांत राहावं हे सोयीचं असतं ना, सगळ्यांनाच.

राग गिळण्यावर प्रयोग झालेले आहेत. जेम्स ग्रॉस नावाच्या संशोधकानं 1998 च्या सुमारास दाखवलं की चेहरा दाबून धरणाऱ्याच्या आत काही शांत होत नाही, उलट शरीरावरचा ताण वाढतो. मी हे वाचलं तेव्हा माझ्या ब्लड प्रेशरच्या गोळ्यांना पंधरा वर्षं झाली होती. ज्यांनी प्रसंगाकडंच आधी वेगळ्या नजरेनं बघितलं त्यांना मात्र कमी त्रास झाला. गंमत म्हणजे तशी नजर आयत्या वेळी येत नाही, ती आधीपासून कमवावी लागते.

आणखी एक नाव सांगते. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्ये हवाई सुंदरी आणि कर्जवसुली करणाऱ्यांचा अभ्यास केला. एकीनं सतत हसायचं, दुसऱ्यानं सतत दरडावायचं. पगार मिळतो तो त्या चेहऱ्याचाही. भावनिक श्रम म्हणतात त्याला. आपण सकाळी साडेनऊला हवाई सुंदरी असतो, रजिस्टर बघताना वसुलीवाले. एकाच दिवसात दोन्ही, तेही उभ्यानं.

आता तुमच्या मंगळवारकडं येते. ओरडण्याला कारण राग, असं तुम्ही धरूनच चाललात. मला तो राग वाटत नाही. 19 अंडी फुटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांपुढं काय आलं? रजिस्टर, ॲप, भेटीला येणारा माणूस. ती भीती होती बाई, रागाचं लुगडं नेसून आलेली. ज्या क्षणी 'मी घाबरलेय' असं कळतं, त्या क्षणी समोरचं दहा वर्षांचं पोर गुन्हेगार दिसायचं थांबतं. पहिल्या पायरीवर जोर देतात तो यासाठी. भावनेला नुसतं नाव दिलं तरी मेंदूतला भीतीचा भाग थोडा निवतो, असं 2007 च्या एका अभ्यासात मेंदूचे फोटो घेऊन दिसलं होतं. मला त्या फोटोंपेक्षा माझा अनुभव जास्त पटतो, पण तुम्ही सभेत फोटोंचं सांगा, मास्तरमंडळींना पुरावा आवडतो.

आणि नावं द्यायला आपल्यासारखी श्रीमंत माणसं कुठं मिळायची? आपल्याला दोन भाषा आहेत. कन्नडमधला 'संकट' हा शब्द बघा. आपल्याकडं संकट म्हणजे बाहेरून कोसळणारं काहीतरी, पूर, दरड. कन्नड माणूस 'संकट आगतदे' म्हणतो तेव्हा ते आतलं असतं, जीव पिळवटणं. 'होट्टेकिच्चु' घ्या, पोटातली आग, म्हणजे मत्सर. आपण त्याला पोटदुखी म्हणतो. आग निराळी आणि दुखणं निराळं. 'सिट्टु' मध्ये जो फटकन उडणारा राग आहे तो 'संताप' मध्ये नाही, संताप तापायला वेळ घेतो. आणि आपले मराठीतले हुरहूर, कालवाकालव, वैताग, कानकोंडं होणं. एवढी दौलत असून आपण दिवसभर एकच शब्द वापरतो: टेन्शन.

तुमच्या 40 मिनिटांसाठी माझं ऐकणार असाल तर पडदा लावू नका. सगळ्यांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटा. गेल्या आठवड्यातला एक क्षण आठवायचा आणि त्या वेळी काय वाटलं ते लिहायचं. मराठी, कन्नड, घरची बोली, काहीही चालेल. बंदी फक्त चार शब्दांवर: राग, ताण, टेन्शन, बोर. नाव लिहायचं नाही. गोळा करा आणि मोठ्यानं वाचा. बाकीचं आपोआप होईल किंवा होणार नाही.

पोराशी बोला. कसं ते मी सांगणार नाही, 19 वर्षं झालीत तुम्हाला.

चंदगडचा गुरुजी

आम्ही हद्दीच्या पलीकडचे, झेडपीवाले. ॲपं वेगळी, तातडी तीच.

शहापूरच्या बाईंचं लिहिलेलं आवडलं, पण एका गोष्टीला विरोध. पोराशी बोला म्हणजे माफी मागा असंच ना? मी नाही मागणार. वर्गात 30 पोरं बघत असतात. एकदा टीचर चुकल्या म्हणाल्या की पुढच्या वेळी गृहपाठ दिला तरी म्हणतील, टीचर तुमचं चुकलं. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी त्याला वर्गप्रमुख करा, खडू आणायला पाठवा, पाठीवर हात ठेवा. पोरं विसरतात. आमच्या गुरुजींनी आम्हाला काय कमी बोललं का? आम्ही बिघडलो नाही.

अतिथी

मी चिकोडीकडं अतिथी शिक्षिका आहे, पाचवं वर्ष. आधी एक सांगते, या प्रशिक्षणाला आम्हाला बोलावलं नव्हतं. भावना बहुतेक कायम शिक्षकांनाच असतात.

गुरुजी, पोरं विसरतात म्हणता. मी चौथीत असताना आमच्या एका बाई सगळ्यांपुढं म्हणाल्या होत्या, "हिच्या केसांचा वास येतो, मागं बसव." आई तेव्हा पहाटे तंबाखूच्या वखारीत जायची, न्हाऊ घालायला घरात कुणी नसायचं. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला खडू आणायला पाठवलं. मी गेले, खडू आणले, हसले पण. आज माझं वय 31. शाळेत निघताना अजून मी केसांचा वास घेऊन बघते.

खडू आणायला पाठवण्यानं बाईंचं समाधान झालं. माझ्या पदरात काय पडलं?

टीचर, सगळ्यांपुढं बोलायची गरज नाही. पण "बापानं" हा शब्द तुम्ही बोललात, तो तुम्हीच उचलायला पाहिजे.

चंदगडचा गुरुजी

ताई, यावर मला काही बोलता येत नाही. माझं वरचं राहू दे तसंच, खोडत नाही, पण आता तेवढ्या जोरात म्हणणार नाही.

एम.एड.वाला

प्रशिक्षणाचा उपयोग होतो का, हा प्रश्न मागं पडला, म्हणून लिहितो. माझा एम.एड.चा प्रबंध याच्याच जवळपासचा होता, त्यामुळं थोडी भीड चेपलेली आहे.

भावनिक बुद्धिमत्तेचे गुण जास्त असलेल्या शिक्षकांत थकवा कमी आणि कामातलं समाधान जास्त दिसतं, असं सांगणारे अभ्यास ढीगभर आहेत. मीही त्यातलाच एक करून बसलोय. पण त्यातले बरेचसे असे: एका दिवशी एकाच माणसाकडून दोन प्रश्नावल्या भरून घ्यायच्या. मी समजूतदार आहे का? हो. मी सुखी आहे का? हो. बरा दिवस असलेला माणूस दोन्हीकडं हो लिहितो, आणि आम्ही म्हणतो सहसंबंध आढळला. बुद्धिमत्तेमुळं सुख की सुखामुळं बुद्धिमत्ता, हे त्यातून कळत नाही. माझे गाईड हे वाचत नसतील अशी आशा.

नीट केलेलं काम कसं असतं त्याचं एक उदाहरण. न्यूयॉर्कमधल्या 36 प्राथमिक शाळांतल्या 224 शिक्षकांवर एक प्रयोग झाला, 2017 ला प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला प्रशिक्षण, दुसऱ्याला नाही. ज्यांना दिलं त्यांचा मनाचा त्रास आणि सतत घाई असल्याची भावना कमी झाली, भावना सांभाळणं सुधारलं. पण ते प्रशिक्षण सुमारे 30 तासांचं, एकदम नव्हे, मध्ये मध्ये काही आठवडे सोडून, आणि मधल्या काळात फोनवरून विचारपूस. मधल्या दिवसांत वर्गात जाऊन बघायचं, फसायचं, परत येऊन सांगायचं. दोन सलग दिवस आणि प्रमाणपत्र, यातून तेवढी अपेक्षा करू नये. 2020 च्या शिक्षण धोरणात शिक्षकाला वर्षाला 50 तासांच्या प्रशिक्षणाची संधी असावी असं लिहिलंय. त्यातले काही तास असे विखरून दिले तर बजेटही फारसं वाढणार नाही.

निपाणीच्या सरांसाठी: क्रिस्टिना मॅस्लाक या बाईंनी कामाच्या थकव्याची, म्हणजे बर्नआउटची, तीन लक्षणं सांगितलीत. मन आटून जाणं, समोरची माणसं वस्तूसारखी वाटायला लागणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2019 ला याला जागा दिली ती आजार म्हणून नव्हे, कामाच्या ठिकाणाशी जोडलेली गोष्ट म्हणून. म्हणजे तुमच्या म्हणण्याला आधार आहे सर. कारण कामात असेल तर उपायाचा मोठा भाग कामातच करायला पाहिजे.

आणि कुणाला वरची तीन लक्षणं महिनोन्महिने असतील, झोप उडाली असेल, तर समालोचना सभेवर थांबू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे, फुकट, दिवसरात्र. भाषा निवडता येते, कन्नडही आहे आणि मराठीही. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आजारांचं सरकारी हॉस्पिटल आहे, बेळगावातून सकाळच्या गाडीनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. मी स्वतः गेलोय. प्रबंधासाठी नव्हे.

निपाणीचा मास्तर

एम.एड.वाले, शेवटचं वाक्य लिहिलंत ते बरं केलंत. नंबर सेव्ह केला.

खानापूरची टीचर

सभा काल झाली. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, म्हणून काय झालं ते सांगते.

आधी पोराचं. चंदगडच्या गुरुजींच्या बाजूनं माझं मन बरंच दिवस ओढत होतं, कारण ते सोपं होतं. खडूला एकदा पाठवलं पण. मग अतिथी ताईंचं वाचलं. शुक्रवारी जेवणानंतर तो ताट धूत होता, मी शेजारच्या नळावर माझा डबा विसळायला लागले. म्हटलं, "त्या दिवशी अंडी फुटली तेव्हा मी तुझ्या बाबांचं काढलं, ते माझं चुकलं. मी घाबरले होते." तो ताट धुतच राहिला. मग म्हणाला, "तुम्ही कुणाला घाबरताय, टीचर?" मी म्हटलं, "हिशेबाला." त्यानं मान हलवली, त्याला ते पटलं असावं. मग विचारलं, "उद्या केळं हाय काय अंडं?" बस, एवढंच झालं. मोठं काही झालं नाही. पण तो आता परत माझ्या टेबलाजवळ येऊन उगीच उभा राहायला लागलाय. मधले दिवस येत नव्हता, हे मला तो यायला लागल्यावर कळलं.

आता सभा. 22 जण होतो, चौदा मराठी शाळांचे, बाकी कन्नड. पडदा लावला नाही. अंड्यांची गोष्ट कन्नडमध्ये सांगितली आणि "बाबा गोव्याला हाईत" एवढंच मराठीत म्हटलं. ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. मग चिठ्ठ्या वाटल्या. पहिली पाच मिनिटं सगळे एकमेकांकडं बघत होते. एक सर म्हणाले, चार शब्द काढून घेतल्यावर लिहायचं काय? पण लिहायला लागले.

परत आलेल्या चिठ्ठ्यांत 'कावलोय' तीन वेळा होतं. 'पोटात गोळा', 'बेसर' (कन्नडमधला कंटाळा), 'जीव टांगणीला', 'कानकोंडं'. एका चिठ्ठीवर कन्नडमध्ये फक्त 'संकट', आणि खाली कंसात पोरीच्या लग्नाचं वर्ष. एक कोरी. एकीवर मराठीत लिहिलं होतं, "शाळेत यायला बरं वाटतं, घरी जायची बस आली की नको वाटतं." ती वाचली आणि पुढची उघडायला माझा हात जरा थांबला. कुणी काही बोललं नाही. पंखा तेवढा चालू होता. निर्वाहवाले सर खिडकीतून बाहेर बघत होते. ती चिठ्ठी त्यांची होती का ते मला माहीत नाही, आणि मी विचारणार नाही.

त्यानंतर माझ्या 40 मिनिटांचे एक तास दहा झाले. बहुतेक वेळ त्या 'तातडीनं' मेसेजवरच गेला, निपाणीकर सर, तुम्ही असता तर खूश झाला असता. सीआरपी, म्हणजे क्लस्टर बघणारे सर, आधी म्हणाले, मला वरून येतो, मी खाली ढकलतो, मी तरी काय करू. मग एका कन्नड शाळेच्या टीचरनी विचारलं, "सर, तुमची चिठ्ठी कुठली?" ते हसले. म्हणाले, "कावलोय मधली एक." त्यांनी एवढं कबूल केलं की मेसेज टाकताना खरी मुदत किती ते लिहितील, म्हणजे उद्या सकाळपर्यंत चालणारं काम 'एका तासात' म्हणून येणार नाही. बघू किती दिवस टिकतं. अंडी आता दुकानदार स्वतः सायकलवरून शाळेत पोचवतो, एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा समितीच्या, अध्यक्षांनी सांगितलं त्याला. दरातला फरक मात्र अजून पदरचाच.

शहापूरच्या बाई, चिठ्ठ्यांचं काय करायचं ते तुम्ही लिहिलं नव्हतं. फाडून टाकवेनात. त्या प्रमाणपत्राच्या पाकिटात ठेवल्यात.

आत्ताच ग्रुपवर मेसेज आलाय, कालच्या सभेचे जिओटॅगसकट चार फोटो हवेत. मुदत लिहिलेली नाही. फोटो काढायचं तर कुणाच्या लक्षातच नव्हतं. बघते कुणाकडं आहेत का.